आजी झाले, पण फिरणं सोडलं नाही!

थंडी पडली की आपल्यासारख्या छोट्या गावांतल्या बायकांच्या मागे दोन उद्योग लागतात. एक डिंकाच्या लाडवांचा आणि दुसरा सकाळच्या फिरण्याचा. लाडवांबद्दल कोणी काही बोलत नाही, कारण ते सगळ्या घराच्या पोटात जातात. फिरण्याचा हिशेब मात्र प्रत्येकाला द्यावा लागतो. ‘एवढ्या थंडीत कशाला?’, ‘घरात काय कमी चालणं होतं?’, ‘साडीवर बूट घालून कुठं निघालीस?’ हे प्रश्न आपण सगळ्याच जणींनी ऐकलेत. त्यातून घरात बाळंतीण येणार असेल तर विचारायलाच नको. ‘आता आजी होणार तुम्ही, झालं तुमचं फिरणं!’ असं लोक परस्पर ठरवूनच टाकतात.

गेल्या हिवाळ्यात हे वाक्य मला किमान दहा जणींनी ऐकवलं. मी वाईची. वय अठ्ठावन्न. सहा वर्षांपूर्वी मधुमेह निघाला, तेव्हापासून गोळ्यांच्या जोडीला रोज सकाळी चालते. आमची चौघींची टोळी आहे. एक निवृत्त शिक्षिका, एक पिठाच्या गिरणीची मालकीण, एक विमा एजंट आणि मी. चालतो बाराही महिने, पण खरी गोडी दिवाळी ते महाशिवरात्र या दिवसांची. का, ते आधी सांगते. नात त्यानंतर येईलच.

धुक्यातली वाट

वाईत राहणाऱ्या बाईला फिरायला कुठं जायचं हा प्रश्न पडत नाही. कृष्णामाई गावातूनच वाहते आणि तिच्या काठाने घाटच घाट. डिसेंबरात सूर्य उगवायला सात वाजतात, म्हणून आम्ही साडेसहाला गणपती घाटावर जमतो. नदीवर धुक्याची दुलई असते. ढोल्या गणपतीचं देऊळ अर्धं धुक्यात बुडालेलं दिसतं. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं हे देऊळ. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी तिच्यावर आपटून दुभंगावं म्हणून. लहानपणापासून पाहिलेली भिंत, पण फिरायला लागल्यावर ती निवांत बघायला मिळाली.

घाटाच्या पायऱ्यांवर शेपटी वरखाली करत एक चिमुकला पाहुणा तुरुतुरु पळत असतो. त्याला आपल्याकडे धोबी किंवा परीट म्हणतात. दसऱ्याच्या आगेमागे तो उत्तरेकडून येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. असाच दुसरा पाहुणा थिरथिरा. पडक्या भिंतीवर बसून शेपटी थरथरवतो, म्हणून हे नाव. आमच्या शिक्षिकाबाई म्हणतात, “थंडी किती पडलीय ते थर्मामीटरपेक्षा याच्याकडे बघून कळतं.” थरथर त्याची सवयच आहे हो, थंडीशी तिचा संबंध नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण सकाळच्या वेळी एवढा विनोद चालतो.

घाट सोडून मेणवलीच्या रस्त्याला लागलं की शेतं सुरू होतात. हळदीची पानं पिवळी पडायला लागलेली असतात. वाईची हळद प्रसिद्धच, ती फेब्रुवारीच्या सुमारास काढायला येते आणि मग शिजवलेल्या हळदीचा वास चार शेतांपलीकडून येतो. तुरीला पिवळी फुलं आणि शेंगा एकाच वेळी दिसतात. हरभऱ्याच्या पानांवर दव असतं. त्याच्या कडेने गेलं की पदराचा काठ ओला होतो आणि जिभेवर लावला तर आंबट लागतो. ही हरभऱ्याची आंब. जुन्या बायका रात्री शेतात स्वच्छ पांढरं फडकं पसरत, सकाळी ते पिळत आणि बाटलीत भरून पोटदुखीसाठी ठेवत. आमच्या सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांना अजून त्या बाटलीची आठवण येते.

शाळूच्या कणसात दूध भरलं की भोरड्यांचे थवे उतरतात. शेकडो पाखरं एकदम वळतात, पसरतात, पुन्हा गोळा होतात. गुलाबी अंग आणि काळं डोकं असलेली ही मैनेची भावंडं पार मध्य आशियातून येतात. शेतकरी मचाणावरून हाकारे घालतो, गोफण फिरवतो. आपल्याला शोभा वाटते, त्याला नुकसान दिसतं. दोन्ही खरंच. हीच पाखरं नाकतोडे आणि टोळही फस्त करतात.

जानेवारीत आंबा मोहरतो. काटेसावरीची पानं झडून लालबुंद फुलं येतात, मागोमाग पांगारा, मग पळस. फुलांत मध असतो म्हणून झाडांवर मैना, बुलबुल, शिंजीर यांची नुसती झुंबड. फेब्रुवारी लागला की तांबटाची टुकटुक ऐकू येते. ती ऐकली की आम्ही समजतो, स्वेटर धुऊन ठेवायचे दिवस आले. तोवर घाटाघाटांवर कृष्णाबाईच्या उत्सवांची गडबड चालू झालेली असते.

हे सगळं बघायला दुर्बीण लागत नाही की सहलीचे पैसे लागत नाहीत. तुमच्या गावाला नदी नसेल तर तळं असेल, माळ असेल, निदान शाळेच्या मैदानाकडेचं चिंचेचं झाड असेल. तिथंही परीट येतोच.

ठरल्यापेक्षा पाच आठवडे आधी

लेक पहिलटकरीण. रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात माहेरी आली. तारीख जानेवारीतली होती. डिंक, खारीक, अळीव सगळं भरून ठेवलं होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री तिच्या पोटात दुखायला लागलं. साताऱ्याला नेलं आणि पहाटे पस्तिसाव्या आठवड्यातच नात जन्मली. वजन एक किलो नऊशे ग्रॅम.

जन्मतः अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात. आमची छकुली तर दोनच्याही आत. हाताची बोटं काडीसारखी, कातडी पातळ, रडणं मांजरीच्या पिल्लाएवढं. पहिले आठ दिवस ती नवजात अर्भकांच्या कक्षात होती. लेक काचेच्या अलीकडे उभी राहून डोळे पुसायची. जावई पुण्याहून धावत आले होते, तेही गप्प. कोणी पेढे वाटायचा विषय काढेना. फोनवर एका नातेवाईकबाईंनी विचारलं, “मुलगीच का? आणि तीही अशी?” मी फोन ठेवून दिला. आमचे हे उठले, खाली गेले आणि अर्धा किलो पेढे घेऊन आले. कक्षातल्या नर्सबाईंपासून वाटायला सुरुवात केली. म्हणाले, “वजन वाढेल तेव्हा वाढेल. नात झालीय ती आज झालीय.”

छातीशी धरलेली ऊब

बाळाचा श्वास स्थिर झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, “हिला आता पोटाशी धरा.” याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबिया देशात, बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. तिथं काचेच्या पेट्या कमी आणि अपुऱ्या दिवसांची बाळं जास्त अशी स्थिती होती. मग आईच्या अंगाचीच पेटी केली. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालायचे, आईच्या उघड्या छातीवर उभं, बेडकासारखं हातपाय मुडपून ठेवायचं, मान एका बाजूला वळवायची म्हणजे श्वास मोकळा राहतो, आणि वरून शाल. आईच्या उबेने बाळाचं तापमान टिकतं, ते अंगावर चांगलं पितं, जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये तर सांगितलंय की, अशा बाळांना जन्मल्यापासून शक्य तितक्या लवकर आणि दिवसाचे आठ ते चोवीस तास असं धरावं.

आठ तास ऐकायला सोपं वाटतं. ओल्या बाळंतिणीने एकटीने ते कसे करायचे? तिला झोप नको? जेवण नको? डॉक्टर म्हणाले, “आईच पाहिजे असं नाही. बाप, आजी, आजोबा, ज्याची तब्येत ठणठणीत आहे आणि अंग स्वच्छ आहे तो कोणीही धरू शकतो. सर्दी-खोकला असलेल्याने मात्र लांब राहायचं.”

घरी आल्यावर मी वहीत वेळापत्रक मांडलं. रात्री आणि पाजण्याच्या आगेमागे लेक. दुपारी जेवणानंतर मी. शनिवार-रविवार जावई. राहिली सकाळ. लेक रात्रभर जागलेली, तिला साडेसहा ते आठ झोप हवी. साहजिकच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या वहिनींनी बोलूनही दाखवलं, “नात एवढी नाजूक आणि आजी रस्त्यावर, बरं दिसतं का ते?”

लेकच अंथरुणातून म्हणाली, “आई, तू फिरायला जायचंस. तुझी साखर चढली तर मला दोघींना सांभाळावं लागेल.” मी यांच्याकडे बघितलं. हे चष्मा पुसत म्हणाले, “मला नाही गं जमायचं. माझ्या हातून निसटली तर?” मी म्हटलं, “अहो, बँकेत तीस वर्षं नोटांची बंडलं हाताळलीत, त्यातलं एक तरी निसटलं का?”

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी यांना शिकवलं. आरामखुर्चीत थोडं मागे रेलायचं, सदऱ्याची बटणं उघडायची, बाळ छातीवर, मऊ सुती फडक्याने बाळाला स्वतःशी बांधायचं, वर शाल. बाळ छातीवर असताना चालायचं-फिरायचं नाही, गरम चहा हातात घ्यायचा नाही आणि डुलकी लागतेय असं वाटलं तर हाक मारायची. पहिल्या दिवशी हे पाऊण तास श्वाससुद्धा जपून घेत होते. आठवड्याने मी परत आले तर रेडिओ बारीक आवाजात चालू, नात गाढ झोपलेली आणि हे मला खुणेने सांगतायत, ‘हळू!’ त्यानंतर सकाळची पाळी यांनी कोणालाही दिली नाही. जावयांनी एका रविवारी मागितली, तर म्हणाले, “तुमची दुपारची.”

वजन पहिले काही दिवस घटलं, मग रोज पंचवीस-तीस ग्रॅमने वाढायला लागलं. महिना भरला तेव्हा काटा दोन किलो चारशेवर होता. त्या दिवशी गिरणीवाल्या मैत्रिणीने आमच्या घरी बुंदीचे लाडू पाठवले. म्हणाली, “गिरणीत किलोचा हिशोब रोज करते, पण चारशे ग्रॅमचा एवढा आनंद कधी झाला नव्हता.”

शेगडी, धुरी आणि सासूबाई

घरात तीन पिढ्या असल्या की बाळंतपणाची तीन शास्त्रं असतात. सासूबाईंना खोली बंद करून शेगडी हवी होती, ओवा-बाळंतशोपाची धुरी हवी होती, काजळ हवं होतं आणि मधाचं बोट हवं होतं. त्यांनी सहा मुलं याच पद्धतीने वाढवली, तेव्हा ‘तुमचं चुकतंय’ असं तोंडावर म्हणणं शोभलं नसतं. मी डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत नेलं. डॉक्टरांनी त्यांना शांतपणे सांगितलं, बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला वासही नसतो. धुराने कोवळ्या फुप्फुसांना त्रास होतो. काजळात शिसं असू शकतं. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातल्या एका जंतूमुळे तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणी नाही की गुटी नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेले लोहाचे आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे द्यायचे.

सासूबाई रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, “मग मी काय करायचं?” त्यांना भरपूर काम होतं. जुन्या सुती नऊवाऱ्या फाडून त्यांनी चौदा दुपटी शिवली. बाळंतिणीच्या पाठीला तेल लावलं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी हे सगळं त्यांच्याच देखरेखीखाली झालं आणि लेकीला ते मानवलंही. अंगणात कोवळं ऊन आलं की आधी दुपटी वाळत घालायची आणि मग छकुलीला गुंडाळून दहा मिनिटं मांडीवर घ्यायची, ही पाळी त्यांची. मान राखला गेला आणि बाळही राखलं गेलं.

रस्त्यावरची दुसरी आजी

हिवाळ्यात आमच्या भागात उसाचा हंगाम असतो. मराठवाड्यातून तोडणीला माणसं येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पहाटे चारला त्यांच्या कोप्यांवर चुली पेटतात. रस्त्याकडेच्या एका कोपीसमोर मला रोज एक म्हातारी दिसायची. मांडीवर नातू, तोही पदराआड छातीशी घट्ट धरलेला. सून दोन महिन्यांची बाळंतीण आणि फडावर गेलेली. मी एकदा थांबून विचारलं, “असं का धरता?” ती म्हणाली, “बाई, इथं ना भिंत ना दार. मीच त्याची भिंत.”

आमच्याकडे वेळापत्रकाची वही होती, बिचारीकडे नुसता पदर. तरी दोघींचं काम एकच चाललं होतं. आम्ही चौघींनी मिळून टोप्या, मोजे, दोन गोधड्या नेऊन दिल्या. विमा एजंट मैत्रिणीने आशाताईंना गाठून बाळाच्या लसी आणि वजनाची सोय करून दिली. यात आम्ही काही मोठं केलं असं नाही. पण रोज पायी गेलो म्हणून ती दिसली. गाडीतून जाणाऱ्याला कोपीसमोरची म्हातारी दिसत नाही.

चालायचं, पण जपून

या हिवाळ्यात चालायला सुरुवात करणार असाल तर थोडं अनुभवाचं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं एकत्र करून सांगते.

आठवड्याला दीडशे मिनिटं, म्हणजे अर्धा तास पाच दिवस, एवढं जलद चालणं पुरेसं आहे. जलद म्हणजे किती? चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. हृदयविकार किंवा दमा असेल तर अंधारात निघू नका, ऊन पडल्यावर जा आणि आधी डॉक्टरांना विचारा. पहिली पाच मिनिटं संथ चाला. कान आणि छाती झाका. चालताना छातीत दुखलं, दम कोंडला की लगेच थांबा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन असेल तर पर्समध्ये साखरेच्या पुड्या हव्यातच. घरी आल्यावर तळपाय बघा. बुटाने घासलं तर मधुमेहात लवकर कळत नाही.

रस्त्याने चालताना समोरून येणारी वाहनं दिसतील अशा, म्हणजे उजव्या बाजूने चाला. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. फिक्या रंगाचा स्वेटर घाला, बॅटरी ठेवा आणि शक्यतो एकटीने अंधारात जाऊ नका. दोघी असलात तरी धीर येतो, आणि एकीने दांडी मारायचं ठरवलं तर दुसरी दार वाजवते!

घरात तान्हं बाळ असेल तर फिरून आल्यावर आधी हातपाय धुवा, कपडे बदला आणि मगच बाळाला घ्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुमच्या फिरण्याची वेळ घरातल्या कोणाला तरी वाटून द्या. आजोबांना द्या, मुलाला द्या, जावयाला द्या. मागितल्याशिवाय ती मिळत नाही. आणि दिली की घेणाऱ्याला तिची गोडी लागते, हे आमच्या घरात सगळ्यांनी पाहिलंय.

बोरन्हाणाची तयारी

गेल्या संक्रांतीला छकुली सहा आठवड्यांची होती. गर्दी नको म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, तेव्हा बोरन्हाण पुढं ढकललं. बारसंही जानेवारीच्या शेवटी घरच्या घरीच केलं. नाव नदीचंच ठेवलं. आता ती वर्षाची झालीय, आठ किलो दोनशे ग्रॅम. बोट धरून चार पावलं टाकते आणि धोबी दिसला की “भू” म्हणते. चिमणीला भू, कावळ्याला भू, उसाच्या ट्रॅक्टरलाही भूच. लेक सुट्टी काढून दहा दिवस आलीय आणि सकाळी ऊन पडल्यावर आमच्या टोळीबरोबर घाटापर्यंत येते. छकुली आजोबांच्या कडेवर असते, ते ठरलेलंच.

येत्या संक्रांतीला बोरन्हाण करायचंय. बोरन्हाण म्हणजे खरं तर आपल्या शिवारातला हिवाळा लेकराच्या डोक्यावरून ओतायचा. बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे. बाजारातून चॉकलेटं आणून ती टाकायची नवी पद्धत आलीय, पण आम्ही ठरवलंय की सगळं वाटेवरचंच आणायचं. बोरं मेणवलीच्या रस्त्यावरच्या झाडाची, घाटे ओळखीच्या शेतकऱ्याकडून विकत घेतलेले. वर्षाच्या बाळाच्या घशात बोर किंवा शेंगदाणा अडकू शकतो, म्हणून तिच्या अंगावर फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या टाकायच्या. बाकीचं ताटात, आळीतल्या मोठ्या मुलांनी लुटायला. खाली पडलेलं ती तोंडात घालणार नाही यावर नजर ठेवायचं काम सासूबाईंनी आधीच मागून घेतलंय. हलव्याचे दागिनेही त्याच करतायत, नुसते मिरवायला. काळं झबलं मी शिवलंय, जुन्या चंद्रकळेचं.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी यंदा पाळणा हलणार असेल तर लाडू वळा, दुपटी शिवा, हौस करा. पण सकाळचे बूट माळ्यावर टाकू नका. नातवंडाला पुढं बोट धरून झाडं-पाखरं दाखवायची आहेत ना? मग ती आधी आपल्या ओळखीची हवीत, आणि आपले गुडघेही तोवर चालते हवेत.